2020ची बी.एस्सी. बॅच: वर्ग गप्प कसा झाला आणि पुन्हा कसा बोलू लागला

कोरोनाने मुलांचं शिकायचं मनच उडालं, हे वाक्य स्टाफरूममध्ये इतकं रुळलंय की ते खरं आहे का, हे आता कुणी विचारत नाही. आमच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका बॅचपुरतं ते तपासून पाहावं, म्हणून हे टिपण. ही बॅच 2020 साली एफ.वाय.ला आली आणि 2023 साली टी.वाय. करून बाहेर पडली. पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण मोबाईलवर, दुसरं अर्धंमुर्धं आणि तिसरं कॉलेजात. तीच मुलं, तेच शिक्षक, पण शिकण्याच्या तीन तऱ्हा, असा योग एरवी येत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. तास मोबाईलवर आले, तेवढ्याने या मुलांचं मन उडालं नाही. शेजारी बसलेल्याला हळूच “हे कसं आलं रे?” असं विचारायची सोय गेली, आणि तिच्यामागे बाकीचं सगळं गेलं. बोलणं थांबलं म्हणून उमेद गेली. आम्ही शिक्षक मात्र बराच काळ उलटं समजत होतो: उमेद नाही म्हणून मुलं बोलत नाहीत, असं. त्या समजुतीतून जे उपाय झाले ते सगळे फोल ठरले. बोलण्यापासून सुरुवात केली तेव्हा थोडंफार हाती लागलं.

आधार आहे तो विभागाची हजेरी, ग्रुपवरचे निरोप आणि तीन वर्षांत मुलांशी झालेलं बोलणं, एवढाच. मुलांची नावं, गावं दिलेली नाहीत.

वर्ग कुठला, मुलं कोण

कॉलेज नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, तालुक्याच्या गावी. काही मुलं दिंडोरी-कळवणकडच्या बागायती गावांतली, काही सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरची. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतली. अनेकांच्या घरात त्यांच्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नाही. बारावीचे पेपर त्यांनी टाळेबंदीच्या आधी नेहमीसारखे दिले होते. 16 जुलै 2020ला निकाल लागला, प्रवेश ऑनलाइन झाले आणि दिवाळीच्या आसपास तास सुरू झाले. कॉलेजचं गेटही न बघता कॉलेजची मुलं झालेली ही पहिली बॅच.

साधनांची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एकच आकडा देते. महासाथीच्या आधीच्या, 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय. त्यानंतर स्वस्त डेटामुळे मोबाईल वाढले, पण घरात एक, आणि तो वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा. वडील बागेत गेले की फोनही बागेत. पाड्यांवर रेंजसाठी टेकाड गाठायचं, आणि पावसाळ्यात सुरगाण्याच्या टेकाडावर तासभर फोन धरून बसणं म्हणजे काय, हे तिथला पाऊस पाहिलेल्यालाच कळेल.

तरीही हा प्रश्न फक्त रेंजचा नव्हता. ज्यांच्याकडे रेंज होती, स्वतःचा फोन होता, तीही मुलं बोलत नव्हती.

गोल चकत्यांचा वर्ग

गूगल मीटवर तास सुरू व्हायचा तेव्हा पडद्यावर रंगीत गोल चकत्या आणि त्यांत एकेक अक्षर. फोन दुसऱ्याचा असल्याने नावंही दुसऱ्यांची. एका मुलीची हजेरी कितीतरी दिवस तिच्या मामाच्या नावावर लागत होती. “आवाज येतोय का?” विचारलं की चॅटमध्ये “येस मॅम”ची रांग लागायची. “समजलं का?” विचारलं तरी तीच रांग. पुढे कुणालाही प्रश्न केला की शांतता. काही वेळाने एखादी चकती गळून पडायची, आणि संध्याकाळी निरोप यायचा: “मॅडम, रेंज गेली होती.”

मुलं माईक का सुरू करत नव्हती, हे मी त्यांना नंतर, समोरासमोर, निवांत विचारलं. उत्तरं ऐकून बरंच काही उलगडलं.

एक तर, घर ऐकत असतं. वर्गात चुकलेलं उत्तर वर्गात राहतं. घरात ते आजी ऐकते, बाप ऐकतो, शेजारची चुलती ऐकते. दोन खोल्यांच्या घरात माईक सुरू केला की मुलाचं चुकणं घरच्यांना ऐकू जातं आणि घरातलं भांडण, कोंबड्या, कुकरची शिट्टी वर्गाला. दोन्हीकडून लाज. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या घरात दारूवरून रोज वाद. माईक चालू केला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं.” तो वर्षभर गप्प होता, आणि ‘निष्क्रिय विद्यार्थी’ म्हणून त्याचं नाव आमच्या यादीत होतं.

दुसरं, भाषा. सुरगाण्याकडच्या घरांत कोकणा बोली. वर्गात आपण बोलतो ते मराठी, त्यात इंग्रजी संज्ञा पेरलेल्या. घरच्यांसमोर त्या मराठीत बोलणं म्हणजे शिष्टपणा वाटतो, आणि वर्गासमोर घरच्या बोलीत बोलणं म्हणजे अडाणीपणा. एरवी एसटीच्या दीड तासाच्या प्रवासात मुलं हा पूल रोज ओलांडतात. स्टँडवर उतरेपर्यंत बोलणं बदललेलं असतं. घरातच वर्ग आला तेव्हा तो दीड तास गेला, आणि मुलांना दोन्हीपैकी कुठल्या भाषेत तोंड उघडावं ते कळेना.

तिसरं कारण साधं आहे. वर्गात मागच्या बाकावरून कुणी पुटपुटलं तर कोण ते कळत नाही. मीटवर बोलणाऱ्याची चकती उजळते. चुकलं तर नावानिशी चुकलं.

पुटपुटायला जागा नसलेला वर्ग, असं मी त्याला म्हणेन. शिकणं बरंचसं पुटपुटण्यातूनच होतं. “मोल म्हणजे नक्की काय गं?” हा प्रश्न कुणी हात वर करून विचारत नाही. तो शेजारणीला विचारला जातो, तिलाही येत नसेल तर दोघी मिळून तिसरीला विचारतात, आणि मग धीर करून तिघी माझ्याकडे येतात. या बॅचच्या पहिल्या वर्षात ही साखळी कधी तयारच झाली नाही. त्यांना शेजारीणच नव्हती.

त्यांचं सगळं बोलणं वैयक्तिक निरोपांत गेलं. रात्री उशिरा, घर झोपल्यावर, मला प्रश्न यायचे. तेच प्रश्न, वेगवेगळ्या मुलांकडून, प्रत्येकाला वाटायचं आपल्यालाच हे येत नाही. या एकटेपणाचा परिणाम रेंजच्या अडचणीपेक्षा खोल होता, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यांना सारखेच गुण

मग परीक्षा. बहुपर्यायी प्रश्न, तासाभराचा वेळ, पुढे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारी प्रॉक्टर्ड पद्धत. मुलांचा स्वतःचा ग्रुप होता, त्यात आम्ही नव्हतो. तिथे काय चालायचं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. निकाल लागला तेव्हा मन लावून अभ्यास केलेली मुलं आणि पुस्तक न उघडलेली मुलं एकाच रांगेत होती, आणि ती रांग बरीच वर होती.

नापास होणाऱ्या मुलांची चिंता सगळे करतात. इथे नुकसान झालं ते अभ्यासू मुलांचं. वर्गातली सर्वांत मेहनती मुलगी, जिच्या वह्या पाहून मला माझ्या विद्यार्थिदशेची आठवण व्हायची, ती निकालानंतर म्हणाली, “मॅडम, मी वाचलं काय आणि नाही वाचलं काय, सारखंच ना?” दुसऱ्या सत्रात तिची वही कोरी राहू लागली. तिला आळस आला नव्हता. आपण केलेलं कुणाला दिसत नाही, हे तिला कळलं होतं. तिच्या समोर कुणी नव्हतं, जो म्हणेल, “तुझी वही दे ना, तुझंच नीट असतं.”

आणि त्याच वेळी बाहेर हाताला काम होतं. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठची कुटुंबं कामासाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, हे जुनंच. एरवी कॉलेजची मुलं वसतिगृहात राहून शिकायची. वसतिगृहं बंद, तास मोबाईलवर, म्हणून तीही घरच्यांबरोबर बागेत आली. थिनिंग (घड विरळ करणं), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), मग काढणी. संध्याकाळी रोख मजुरी. एका बाजूला पडद्यावरच्या चकत्या, दुसऱ्या बाजूला हातात पडलेले पैसे आणि आईच्या चेहऱ्यावरचं समाधान. अठरा वर्षांच्या मुलाने काय निवडावं? मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

एप्रिल 2021 तर सगळ्याच्या पलीकडचा होता. 21 तारखेला नाशिकमधल्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून 20हून अधिक रुग्ण दगावले. त्या आठवड्यात वेळापत्रकाप्रमाणे तास चालूच होते. कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कोण गेलं, हे आम्हाला हजेरीवरून कळत नव्हतं. एका मुलाचे वडील गेल्याचं विभागाला महिन्याने समजलं, तेही फीच्या निमित्ताने. वर्ग असता तर त्याच दिवशी बाकावरच्या पोरांनी येऊन सांगितलं असतं.

काय करून पाहिलं, काय फसलं

कॅमेरा सक्तीचा केला. हजेरी आणखी घटली. तासाच्या शेवटी गूगल फॉर्म भरून घेतला. फॉर्म भरणारे वाढले, तासाला बसणारे नाहीत. प्रेरणादायी व्याख्यानांचे वेबिनार झाले. 2020 साली अशा वेबिनारांचा आणि ई-प्रमाणपत्रांचा राज्यभर पूर आला होता, आमच्याकडेही आला. मुलांनी प्रमाणपत्रं डाउनलोड केली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: बोलणारे आम्ही आणि ऐकणारी मुलं. जिथे मुलांचा आवाज गेला होता, तिथे आम्ही आमचा आवाज वाढवत होतो.

वळण आलं ते एका व्हॉइस मेसेजमुळे. वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलाचा तो निरोप, मागे बागेतली माणसं बोलतायत, पंप चालू आहे. तो विचारत होता: “मॅडम, इथं डिपिंगला जीए 40 पीपीएम करायला सांगितलंय. शंभर लिटरला किती ग्रॅम? आणि मालक आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायला सांगतो, सरळ पाण्यात का नाही टाकत?”

जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, द्राक्षाला देतात ते संजीवक. एफ.वाय.ला आम्ही पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, हे शिकवलं होतं. विद्राव्यता शिकवली होती. दोन्ही वेळा चॅटमध्ये “येस मॅम” आलं होतं. आता द्राक्षाचे घड बुडवायच्या बादलीशेजारी उभं राहून त्याला दोन्ही प्रश्न पडले होते, आणि दोन्ही नेमके होते. त्याची परवानगी घेऊन मी तो निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तर दिलं नाही. अर्ध्या तासात बागेत काम करणाऱ्या दुसऱ्या मुलीने लिहिलं, “4 ग्रॅम. 40 मिलिग्रॅम लिटरला, गुणिले 100.” अ‍ॅसिटोनवर तर दोन दिवस चर्चा चालली. जिबरेलिक अ‍ॅसिडच्या रेणूची रचना कुणीतरी शोधून आणली, पाण्यात ते नीट का विरघळत नाही यावर मुलं एकमेकांना चूक म्हणू लागली. ग्रुपवर मुलांनी एकमेकांना उद्देशून लिहिलेले ते पहिले निरोप.

त्यावरून गावगटांची कल्पना आली. जवळच्या गावांतल्या चार-पाच मुलांचा गट, निर्बंध सैल झाल्यावर एखाद्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात बसायचं, एकच फोन मध्ये ठेवायचा. लांब तासाऐवजी मी पाच-सात मिनिटांचं ऑडिओ पाठवायची, रेंज कमी असली तरी ते उतरायचं. ते ऐकून गटाने एक प्रश्न आणि एक उत्तर बोलून पाठवायचं, कुठल्याही भाषेत. पहिल्या कोकणा बोलीतल्या उत्तरात मला दोन वाक्यं कळली नाहीत, मी विचारलं, आणि त्या गटाला समजावून सांगताना जो आनंद झाला तो त्यांच्या आवाजात ऐकू येत होता. सगळे गट चालले नाहीत. मुलींचे काही गट घरच्यांनी बसू दिले नाहीत, दोन गट भांडणात मोडले. पण जे चालले त्यांतलं कुणीही पुढे शिक्षण सोडून गेलं नाही. वर्गातून जी मुलं कायमची गळाली, ती सगळी गटाबाहेरची होती.

कॉलेज उघडलं, एसटी बंद

फेब्रुवारी 2021मध्ये 50 टक्के उपस्थितीने कॉलेजं उघडायची परवानगी मिळाली होती, ती दुसऱ्या लाटेत वाहून गेली. खरं उघडणं 20 ऑक्टोबर 2021चं. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022पर्यंत लांबला. या काळाविषयी लिहिताना लोक संपाला विसरतात. शहरातल्या मुलांसाठी कॉलेज ऑक्टोबरात उघडलं, पाड्यावरच्या मुलासाठी ते एसटी सुरू होईपर्यंत उघडलंच नाही. काळी-पिवळी जीपला रोज दुप्पट-तिप्पट पैसे कोण देणार? परिणामी अर्धा वर्ग समोर, अर्धा फोनवर. माझ्या मते तिन्ही वर्षांतला हा सर्वांत वाईट काळ. पूर्ण ऑनलाइन असताना सगळे निदान सारखे होते. आता समोर बसलेल्यांकडे पाहून शिकवायचं आणि फोनवरच्यांनी ते लांबून ऐकायचं. गावगटांतली मुलंही या काळात खचली.

जी येत होती, त्यांचं वागणं पाहून आम्ही चक्रावलो. वर्गात बसलेली मुलगी समोर उभ्या असलेल्या मला व्हॉट्सॲपवर शंका पाठवायची. प्रयोगशाळेत तर फारच स्पष्ट दिसलं. सोडियम हायड्रॉक्साइड आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन, अकरावी-बारावीतलंच. ब्युरेट एकाने धरायची, शंकूपात्र दुसऱ्याने हलवायचं, आणि फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग येताच हलवणाऱ्याने ओरडायचं, “बस, बस!” हे दरवर्षी इतकं सहज होतं की आम्ही कधी शिकवलेलंच नव्हतं. या बॅचच्या जोड्या मुकाट उभ्या होत्या. रंग आला, गडद झाला, तरी हलवणारा बोलेना. व्हिडिओत फिका गुलाबी दिसत नाही म्हणून तो दाखवताना थोडा गडदच होऊ दिला जातो, हेही खरं. पण मुख्य कारण ते नव्हतं. मी एकाला विचारलं, तुला रंग दिसला नाही का? “दिसला, मॅडम. पण तिला कसं सांगू?” सहाध्यायीला “थांब” म्हणायचा संकोच वाटावा, इतकी ती मुलं एकमेकांना परकी होती.

तेव्हापासून आम्ही जोड्या ठरवून दिल्या आणि त्या सत्रभर बदलल्या नाहीत. प्रॅक्टिकलच्या आधी दोन मिनिटं जोडीदाराला आज काय करायचंय ते तोंडी सांगायचं, मग ब्युरेटला हात लावायचा. व्हायवाही (तोंडी परीक्षा) जोडीने घेतला. एक अडकला तर दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, पण मदतीचा प्रश्न विचारायचा. पहिल्या आठवड्यात कुजबुज सुरू झाली, महिन्याभरात गोंगाट. एरवी मी प्रयोगशाळेत शांतता मागते. त्या सत्रात मागितली नाही.

2022ची लेखी परीक्षा

उन्हाळी सत्राच्या परीक्षा लेखी होणार म्हटल्यावर राज्यभर मुलांनी ऑनलाइनची मागणी केली, आमच्या वर्गानेही सह्या गोळा केल्या. वर्तमानपत्रांतून, घराघरांतून एकच सूर होता: यांना फुकटचे गुण हवेत. मी माझ्या वर्गाशी बोलले तेव्हा वेगळं ऐकलं. या मुलांनी शेवटचा मोठा पेपर बारावीला लिहिला होता. तीन तास बसून लिहिता येईल का, याचीच त्यांना धास्ती होती. हात दुखतो, वाक्य सुचत नाही, बहुपर्यायी प्रश्नांत उत्तर ओळखायची सवय, आता ते मांडायचं कसं? एकाने सराव पेपरात बरोबर समीकरण लिहून पुढची ओळ कोरी सोडली होती. का, विचारल्यावर म्हणाला, “माहितीय, पण लिहायला कुठून सुरू करू कळंना.” बोलण्याचा सराव गेला की लिहिण्याचाही जातो, स्पष्टीकरण द्यायची सवय एकच असते.

शासनाने लेखी परीक्षा कायम ठेवल्या आणि तासाला 15 मिनिटं जादा दिली. दोन्ही निर्णय योग्य होते. सरावासाठी आम्ही जादा तास घेतले नाहीत. त्याच जोड्यांना एकमेकांची उत्तरं तपासायला दिली. मुलं एकमेकांच्या वहीत लाल पेनाने लिहू लागली, “इथं कारण लिही.” ती मेहनती मुलगी, जिची वही कोरी पडली होती, तिच्याकडे तपासायला सर्वांत जास्त वह्या येऊ लागल्या. निकालात गुण घसरले, साहजिकच. पण यादीत वर कोण आणि का, हे पुन्हा सगळ्यांना पटणारं होतं, आणि तिसऱ्या वर्षी तिची वही भरलेली होती.

गळालेल्यांपैकी काहींशी अजून बोलणं होतं. बागेत मुकादम झालेला एक जण, लग्न होऊन गुजरातच्या हद्दीपलीकडे गेलेली एक मुलगी. मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करता येईल, हे दोघांना सांगितलंय. मुलीने माहितीपुस्तिका मागवली आहे.

जोड्या, जोडीने व्हायवा आणि एकमेकांच्या वह्या तपासणं विभागात आता सगळ्या बॅचना लागू आहे. पावसात घाट बंद पडला की कॉलेज ऑनलाइन तास जाहीर करतं. आम्ही त्या दिवशी मीटची लिंक पाठवत नाही, गावगटाला एक प्रश्न पाठवतो. उत्तर आवाजात हवं, निदान दोघांच्या.